गावतलावावरची हिवाळी पक्षी-फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धान कापणीला आलं की फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात: यंदा फेरी कधीपासून, मुलांना आणू का, सारस दिसेल का, कॅमेरा चालेल का. भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या आमच्या गावतलावावर आम्ही हिवाळाभर रविवारी सकाळी गटाने पक्षी पाहतो. लोक सतत विचारतात ते सगळं इथे एकत्र केलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पक्षी-फेरीत नेमकं काय करता?

दहा-बारा माणसं उजाडताना तलावाच्या पाळीवर (मातीच्या बांधावर) जमतात आणि अडीच-तीन तासांत जेमतेम दोन किलोमीटर चालतात. चालण्यापेक्षा थांबणं जास्त असतं. ज्याला पक्षी दिसेल त्याने हळू आवाजात बाकीच्यांना दाखवायचा, मग सगळ्यांनी मिळून ओळखायचा, मोजायचा आणि वहीत लिहायचा. शेवटी चिंचेखाली बसून यादी वाचतो. भाषण नाही, शुल्क नाही.

२. मला चिमणी-कावळ्याच्या पलीकडे काही ओळखता येत नाही. येऊ का?

नक्की या. चिमणी, साळुंकी, कबुतर आणि कावळा हे चार पक्षी ओळखता येत असतील तर तुमची मोजपट्टी तयार आहे. नवा पक्षी दिसला की आधी आकार ठरवा: साळुंकीपेक्षा मोठा की लहान? मग चोच पाहा, पाय पाहा, आणि तो करतोय काय ते पाहा. शेपटी सारखी वरखाली करत चिखलातून तुरुतुरु धावतो तो धोबी. तारेवर बसून मध्येच झेप घेऊन परत त्याच जागी येतो तो कोतवाल किंवा वेडा राघू. रंगावर शेवटी या, कारण पहाटेच्या कमी उजेडात रंग फसवतो. बऱ्याच जातींत नर आणि मादीचा रंगही वेगळा असतो.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आयुष्य गेलेल्या शेतकऱ्याला यातलं निम्मं आधीच येत असतं. पहिल्यांदा आलेली अशी माणसं आमच्यातल्या जुन्यांच्या आधी पक्षी हेरतात, हे आम्ही नेहमी पाहतो.

३. हिवाळाच का? पावसाळ्यात तर तलाव तुडुंब असतो.

दोन कारणं आहेत. पहिलं सगळ्यांना माहीत आहे: लडाख, तिबेट, मंगोलिया, सायबेरिया, मध्य आशिया इकडे पाणी गोठतं, तेव्हा तिथली बदकं, हंस, चिखलपक्षी आपल्याकडे उतरतात. दुसरं कारण तलावातच आहे, आणि आमच्या मते तेच जास्त पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात पाणी काठापर्यंत असतं, त्यामुळे उथळ कडा उरत नाही. धान निघाल्यावर पाणी हळूहळू उतरतं. उन्हाळी धानाला आणि रब्बीला ते पाटाने सोडलं की आणखी खाली जातं, आणि दर आठवड्याला ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात किडे, गोगलगायी आणि झाडोऱ्याचे कंद असतात. लांब पायांचे शेकाट्या आणि बारीक चणीचे तुतवार त्याच पट्ट्यावर येतात. पाणी जसं सरकतं तसे पक्षीही सरकतात.

म्हणून महिन्यागणिक तलाव वेगळा दिसतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाणी भरपूर असतं आणि बदकं विखुरलेली असतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अलींचा. चितमपल्लींनी वनखात्यात असताना याच भागात, नवेगावबांधला, बराच काळ घालवला. आमची पहिली फेरी आम्ही याच आठवड्यात ठेवतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गर्दी सर्वांत जास्त. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, तेव्हा गुलाबी मैनांचे थवे त्यावर कलकलाट करतात आणि बदकं निघायच्या तयारीला लागतात. मार्चमध्ये फेऱ्या थांबतात.

४. इतक्या पहाटे कशाला? दहाला आलो तर?

दहाला ऊन चढलेलं असतं. पाण्यावरून वाफ उठून दुर्बिणीतलं चित्र थरथरतं, आणि झाडीतले पक्षी गप्प झालेले असतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो. म्हणून साडेसहाला पाळीच्या टोकाशी जमायचं आणि नीट दिसायला लागलं की निघायचं. उजाडण्याआधी कुणीही एकट्याने पाळीवर जायचं नाही (कारण प्रश्न १० मध्ये). सकाळी आम्ही पूर्वेच्या बाजूनेच चालतो. ऊन पाठीशी राहतं आणि समोरच्या पक्ष्यावर पडतं. उलट दिशेने चाललात तर सगळे पक्षी काळे दिसतील.

सकाळ जमतच नसेल तर दुपारी चारनंतर पश्चिमेच्या काठाला या. गटाची फेरी तेव्हा नसते, पण रात्रीच्या मुक्कामाला येणारे बगळे आणि पाणकावळे तेव्हाच छान दिसतात.

५. कोणकोणते पक्षी दिसतात?

कोणता दिसेलच याची हमी देत नाही. साधारण काय अपेक्षा ठेवावी ते सांगतो.

बारमाही राहणाऱ्यांत सगळ्यात बोलकी अडई. थव्याने उडताना शिट्टी घालते, त्यामुळे दिसण्याआधी ऐकू येते. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके असतात, एकदा पाहिलं की विसरत नाही. शिंगाड्याच्या आणि कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जातो तो कमळपक्षी. लव्हाळ्यातून डोकं काढते ती जांभळी पाणकोंबडी. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये फट असते. चिखलातल्या गोगलगायी धरून फोडण्यासाठी ती कामाची आहे.

पाहुण्यांत तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब, टोकदार. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद. ती पाण्यात बुडवून तो पाणी गाळत पुढे जातो. चक्रांग बदक लहान चणीचं आणि चपळ. लालसरीचं डोकं तांबूस. चक्रवाक भगव्या-तपकिरी अंगाचा, बहुधा जोडीने आणि उघड्या काठावर. पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडताना त्याने ७,००० मीटरहून जास्त उंची गाठल्याची नोंद आहे. दिवसा तो पाण्याशेजारी आराम करतो आणि अंधार पडला की शेतात चरायला जातो. त्यावरून होणाऱ्या तक्रारीबद्दल प्रश्न २० मध्ये लिहिलं आहे.

आकाशाकडेही लक्ष ठेवा. बदकांचा अख्खा थवा एकदम उठला तर वर बहुधा भोवत्या किंवा कैकर घिरट्या घालत असतो. आणि तलाव संपून बांध्या (धानाची शेतं) सुरू होतात तिथे थांबल्याशिवाय फेरी पूर्ण होत नाही. कापलेल्या धानाच्या खुंटांवर गप्पीदास, तारेवर नीलपंख, बाभळीवर खाटीक, वर एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखी थांबलेली कापशी. वड-पिंपळ फळला असेल तर हरियल पाहा. तो आपला राज्यपक्षी आहे आणि पानांत असा मिसळतो की फळ खाली पडल्यावरच कळतं.

६. पाण्यावर तरंगतात ती सगळी बदकंच ना?

नाही, आणि नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी बदक नाही, तो पाणकोंबडीच्या कुळातला. टिबुकली इतकी लहान की लोक तिला बदकाचं पिल्लू समजतात. ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. पाणकावळा पाण्यात खोल बसतो, मान वर असते, आणि बाहेर आल्यावर पंख पसरून वाळवतो. बदकाची चोच चपटी असते, या तिघांची नसते. चोच दिसेपर्यंत नाव ठरवू नका.

७. दुर्बीण लागतेच का? कोणती घ्यावी?

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना नको. गटात दुर्बिणी असतात, त्या पाळीपाळीने फिरतात. नंतर घ्यायचीच झाली तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठ पट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची घेतली की हात थोडा हलला तरी चित्र हलतं. जत्रेत किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या ‘पन्नास पट’ लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणींवर पैसे घालवू नका. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडा दुमडून पाहायची.

८. काय घालून यावं, सोबत काय आणावं?

मातकट, हिरवट किंवा राखाडी कपडे. पांढरं, लाल, भडक पिवळं नको. पहाटे चांगलीच थंडी असते आणि नऊला स्वेटर नकोसा होतो, म्हणून एकावर एक घाला, काढता येईल असं. गवतावर दहिवर असतं आणि मोज्यांना कुसळं लागतात, तेव्हा बंद बूट आणि जाड पँट. पाणी, वही, पेन्सिल (शाई ओली होते), मूठभर फुटाणे किंवा शेंगा. अत्तर आणि वाजणारे दागिने घरी. परतताना चौकात तर्री-पोहा होतोच, डबा आणायची गरज नाही.

९. आम्ही नागपूरला अंबाझरी बागेत फेरीला जातो. इथे वेगळं काय सांभाळायचं?

बागेत फाटक असतं, पायवाट असते, बाक असतात, आणि सकाळी आलेला प्रत्येक जण फिरायलाच आलेला असतो. इथे तलाव हे लोकांच्या कामाचं ठिकाण आहे. आमच्या फेरीचा सगळा रिवाज यातून आला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

या पट्ट्यातले बहुतेक जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले आणि त्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. कुठे उतार आहे, कुठे पाळ घालायची, पाणी कुठून कोणत्या बांधीत न्यायचं हे त्यांचं पिढीजात ज्ञान. १९५० मध्ये मालगुजारी रद्द झाली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणून कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव म्हणतात. आज त्याच पाण्यावर धान होतं, ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था मासे धरतात, शिंगाडा लागतो, जनावरं पाणी पितात, बाया धुणं धुतात. पक्षी इथे आहेत ते या सगळ्यासकट. पाळ फुटली, गाळ साचला किंवा बेशरमीच्या झाडोऱ्याने उथळ काठ भरून गेला तर मासे कमी होतात आणि चिखलपक्षीही. तलाव सांभाळणारा माणूस हाच पक्ष्यांचाही पहिला रखवालदार आहे, असं मी मानतो.

तेव्हा भेटेल त्याला आधी राम राम, जय भीम, जय सेवा, जे चालत असेल ते. डोंग्यावर कुणी जाळं ओढत असेल तर त्याच्या बाजूने जाऊ नका, पक्षी त्याच्याकडे उडून जाळ्यात अडकू शकतात. धुणं किंवा आंघोळ चाललेल्या घाटाकडे दुर्बीण वळवायची नाही, कॅमेरा तर मुळीच नाही. धुऱ्यावरून चाला, बांधीत उतरू नका. कापणी झालेली दिसली तरी खाली लाखोळी (लाखेची डाळ) पेरलेली असते. ढिवर मामांना विचारा, काल कुठे काय बसलं होतं. ते सांगतील त्या कोपऱ्यात आधी जा.

१०. वाघ, बिबट, साप यांची भीती नाही का?

भीती नको, शिस्त हवी. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत वाघ-बिबट्यांची ये-जा असते. म्हणून उजाडल्याशिवाय निघत नाही, गट सुटत नाही, आणि सगळ्यात मागे कायम एक जाणता माणूस असतो. पाळीवर ताजे पंजे दिसले तर त्या दिवशीची फेरी तिथेच संपते आणि वनरक्षकाला कळवतो. पंज्यांच्या मागे जाणारा माणूस पुढच्या फेरीला नसतो.

हिवाळ्यात साप नसतात असं समजू नका. घोणस सकाळी उन्हाला पाळीवर किंवा तणसाशेजारी पडलेली असते आणि पटकन हलत नाही. पाय ठेवण्याआधी पाहा, दगडावर बसण्याआधी पाहा. वडाला आग्या मोहोळ असेल तर खालून न बोलता पुढे जायचं, धूर नाही, दगड नाही. सगळ्यांत जास्त काळजी मात्र तारेची घ्या. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. ते बेकायदा आहे, माणसं मरतात, तरी होतं. म्हणून उभ्या पिकाच्या कडेची कुठलीही तार हाताने बाजूला करायची नाही.

११. लहान मुलांना आणता येईल? शाळेची सहल?

आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना आणा, सोबत घरचं मोठं माणूस हवं. पोट्ट्यांना मोजायचं काम द्या, मग ती गप्प राहतात. शाळेसाठी वेगळा दिवस ठेवतो. पंधरा मुलांमागे एक शिक्षक आणि एक आमचा माणूस, आणि जागा एकच: पाळीवरचं मंदिर. तिथून अर्धा तलाव बसल्या जागी दिसतो.

१२. मी एकटी बाई आहे, ओळखीचं कुणी नाही. येऊ का?

या. फेरीत बाया नेहमी असतात, पहिल्या दिवशी त्यांच्यापैकी एक ताई तुमच्यासोबत राहील. वाटेत स्वच्छतागृह नाही. निघण्याआधी चौकातल्या एका घरी सोय केलेली आहे.

१३. फोटो काढले तर चालतील?

चालतील, सगळ्यांचं पाहून झाल्यावर. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, तुमच्याकडे पाहायला लागला, दोन पावलं सरकला की तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा किंवा मागे या. बदकांना उडवून फोटो घेणाऱ्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथे चरबी साठवून परत जायचं असतं. दर रविवारी चार वेळा उडायला लावलं तर ती साठणार कशी? दाणे टाकून जवळ बोलावणं, फ्लॅश, ड्रोन यांपैकी काहीही नको. घरट्याचा फोटो तर कुणीच काढायचा नाही.

१४. मोबाइलवर आवाज वाजवला की पक्षी येतो म्हणतात. आणि आवाज ओळखणारं ॲप?

आवाज वाजवायचा नाही. पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि चरायचं सोडून तो भांडायला येतो. ॲपची गोष्ट वेगळी. मर्लिनसारखं ॲप फक्त ऐकतं आणि नाव सुचवतं. भारताचा संच घरी वाय-फायवर उतरवून ठेवला तर तलावावर रेंज नसली तरी चालतं. त्याने सुचवलेलं नाव यादीत जाण्यासाठी पक्षी कुणीतरी पाहिलेला किंवा ओळखीच्या कानाने ऐकलेला असावा, एवढा आमचा नियम.

१५. तीनशे-चारशे बदकं एकदम कशी मोजता? आणि या यादीचं पुढे काय होतं?

आधी दहा बदकं नीट मोजायची. ती पाण्याची किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं. मग तेवढे तुकडे थव्यावर सरकवत जायचं: दहा, वीस, तीस. दोघांनी न बोलता वेगवेगळं मोजायचं आणि नंतर आकडे जुळवायचे. फार तफावत आली तर पुन्हा. ‘खूप’ असं वहीत लिहीत नाही, अंदाज तरी आकड्यात हवा.

यादी ई-बर्डवर जाते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा ते चालवते आणि तिथे कुणालाही फुकट खातं उघडता येतं. त्यात तारीख, सुरुवातीची वेळ, किती वेळ आणि किती अंतर चाललो हे भरावं लागतं, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहायचे असतात. फक्त खास तेवढे लिहिले तर ती यादी पुढे तुलनेला कमी उपयोगाची. कावळा, साळुंकी, टिटवी गाळू नका. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते (भारतात १९८७ पासून), आणि फेब्रुवारीत चार दिवसांची जगभरची परसातली पक्षीगणना. दोन्हीत आम्ही भाग घेतो.

कागदाची वहीही ठेवतो. ती ग्रामपंचायतीत असते. पाळ दुरुस्तीची किंवा गाळ काढण्याची चर्चा निघाली की ती उघडून दाखवता येते.

१६. सारस दिसेल का?

दिसू शकतो, वचन देत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच सारसच, जवळजवळ माणसाएवढा. राखाडी अंग, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या थोड्या भागात उरला आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठाला तो गवत-काड्यांचं मोठं घरटं घालतो, त्यात बहुधा दोन अंडी. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटं होतं तो तेवढा तुकडा सोडून कापणी करतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याबद्दल त्या घरांचा आम्हाला फार आदर आहे. हिवाळ्यात जोडीसोबत एखादं मोठं झालेलं पिल्लू असतं, त्याचं डोकं तांबूस-तपकिरी असतं, लाल नाही.

सारस दिसला तर आम्ही होतो तिथेच बसतो. जवळ जात नाही, आणि जागा कुणालाही सांगत नाही. फोटो टाकलात तर मागचं झाड, विजेचा खांब, मंदिर ओळखू येणार नाही असा टाका, आणि फोनमधलं ठिकाण बंद ठेवा. फक्त सारसासाठी यायचं असेल तर कृपया येऊ नका. उरलेल्या साठ-सत्तर जातींसोबत सारस दिसला तर आनंदच आहे.

१७. पुस्तकातलं नाव एक, गावातलं दुसरं. कोणतं लिहू?

दोन्ही. गावातलं नाव कुणी सांगितलं आणि कोणत्या गावी, तेही. ई-बर्डवर मराठी नावं निवडता येतात, वहीत मात्र गावचं नाव राहू द्या.

१८. जखमी किंवा मेलेला पक्षी सापडला तर?

जखमी असेल तर कापड टाकून अलगद उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, झाकण लावा, अंधार आणि शांतता द्या. चोचीत पाणी किंवा दाणा घालू नका, श्वासनळीत जातं. बगळा, तिरंदाज, करकोचा यांची चोच डोळ्यावर येते, त्यांना एकट्याने हात लावू नका. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. दोन-चार एकाच जागी मेलेले दिसले तर मुलं, कुत्री, कोंबड्या लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी सांगा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हापासून हा नियम आम्ही कडक पाळतो.

संक्रांतीनंतरचा रविवार वेगळा असतो. त्या दिवशी बांबूला आकडा लावून पाळीवरच्या झाडांतला मांजा काढतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत सापडतो, आणि वटवाघळं, बगळे, घारी त्यात अडकतात.

१९. पक्ष्यांसाठी लावलेलं जाळं किंवा फास दिसला तर काढून टाकू का?

आधी नीट पाहा. मासेमारीचं जाळं पाण्यात असतं, ते कुणाच्या तरी पोटाचं साधन आहे, त्याला हात नको. त्यात पक्षी अडकलेला दिसला तर जाळ्याच्या मालकाला हाक मारा, तोच सफाईने सोडवतो. काठावर उभं ताणलेलं बारीक जाळं, गवतातले फास किंवा विष लावलेले दाणे ही मात्र शिकार. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. तरी आपण हात लावायचा नाही आणि कुणाशी हुज्जत घालायची नाही. दुरून फोटो, जागा, वेळ, आणि वनविभागाला फोन (क्रमांक प्रश्न १८ मध्ये). गटातल्या कुणाचंही नाव पुढे येऊ देत नाही.

२०. ‘तुमचे पक्षी आमची लाखोळी खातात,’ असं शेतकरी म्हणाला तर काय सांगायचं?

खरं आहे असं सांगायचं. पट्टकादंब आणि काही बदकं रात्री कोवळं पीक खुडतात, आणि तलावाला लागून असलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांना तो फटका दरवर्षी बसतो. ‘पक्षी किडे खातात म्हणून ते मित्र’ हे वाक्य त्याच्या धुऱ्यावर उभं राहून बोलू नका. त्याचं नुकसान त्याने भाकरीच्या हिशेबात मोजलेलं असतं. आम्ही विचारतो, कोणती बांधी, कोणत्या रात्री, किती भाग, आणि ते वहीत लिहितो. सलग दोन हिवाळे लिहिल्यावर एवढं दिसलं की मार पाण्याला चिकटलेल्या पहिल्या पट्ट्यावर जास्त आहे. काही जणांनी तिथे बुजगावणी आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. पूर्ण उपाय तो नाही. फटाके आणि विष सोडून शेतकरी पीक राखण्यासाठी जे करेल त्याला आमची हरकत नसते, त्याच्या शेताजवळची फेरी आम्ही त्या दिवशी सोडून देतो.

२१. धुकं किंवा अवकाळी पाऊस असला तर?

धुकं असेल तर मंदिरापाशी बसून आवाज ऐकतो, विरल्यावर निघतो. विजा कडाडत असतील तर रद्द. निरोप शनिवारी रात्री आठपर्यंत येतो.

२२. तलावात मोठी मासेमारी असते त्या दिवशी फेरी होते का?

होते, पण वाट बदलते. पाणी कमी करून जाळी ओढतात तेव्हा बगळे, मुग्धबलाक, घारी, पाणकावळे एकाच कोपऱ्यात जमतात. पक्षी इतके जवळून एरवी दिसत नाहीत. तरीही आपण समोरच्या पाळीवरून पाहायचं. संस्थेच्या लोकांचा तो वर्षातला कमाईचा दिवस आहे आणि काठावर वजनकाटा, व्यापारी, टेम्पो यांची घाई असते. मासे घ्यायचे असतील तर सगळं आटोपल्यावर भाव न पाडता घ्या.

२३. जंगलातल्या तलावांवर गट नेता का?

नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. आत जायचं तर फाटकावरून परवानगी, वाहन आणि वाटाड्या घेऊन, वनविभागाच्या नियमानेच. पायी गट आम्ही नेत नाही. जंगलाबाहेरच्या जलसाठ्यांवर, नवेगावबांध किंवा इटियाडोहकडे, हिवाळ्यातून एखाद वेळी जातो. तिथेही स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय नाही.

२४. फेरीत नसताना मला एकट्याला दुर्मीळ पक्षी दिसला. लगेच ग्रुपवर टाकू?

आधी फोटो किंवा खुणा लिहून गटातल्या दोघा जाणत्यांना खासगीत पाठवा. ओळख पक्की होईपर्यंत नाव घेऊ नका, भोवत्यांच्या माद्या आणि लहान चिखलपक्षी भल्याभल्यांना चकवतात. ओळख पक्की झाली तरी तीन गोष्टी पाहायच्या. पक्षी घरट्यावर आहे का? जागा कुणाच्या शेतात आहे का? चाळीस गाड्या आल्या तर ती पाळ, ते शेत सोसेल का? एकाचंही उत्तर अडचणीचं असेल तर ठिकाण न सांगता फक्त तालुका आणि तारीख सांगा. शेतात असेल तर पहिला फोन शेतमालकाला. त्याने ‘या’ म्हटलं तर पुढच्या रविवारी चौघं-चौघं करून धुऱ्यावरून पाहू, नको म्हटलं तर तुमची नोंद वहीत राहील.